मोठ्या सेंटरचा खरा जोडीदार: कुर्री, कॅशमन, कुनित्झ

प्रश्न असा आहे: आइस हॉकीतल्या नावाजलेल्या सेंटरना, म्हणजे मध्ये खेळणाऱ्या आक्रमकांना, लाभलेले सर्वोत्तम लाइनमेट कोणते, आणि अशा बाजूच्या विंगरचे गोल त्याचे स्वतःचे धरायचे की शेजारच्या सेंटरची पुण्याई?

एकच नाव द्यायचं तर यारी कुर्री, वेन ग्रेट्झ्कीचा विंगर. पण नुसतं नाव देऊन भागत नाही. या प्रश्नावर बहुतेक जण गोलांची यादी काढतात आणि ज्याचे गोल जास्त तो सर्वोत्तम जोडीदार असं ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. जे काम सेंटर करत नाही, किंवा ज्यात त्याची ताकद वाया जाते, ते काम जो बिनबोभाट उचलतो तो त्याचा सर्वोत्तम जोडीदार. कधी ते काम गोल करण्याचं असतं. त्याहून जास्त वेळा ते कोपऱ्यात घुसून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सोडवून आणण्याचं असतं.

आधी रचना समजून घेऊ. आपल्याकडे हॉकी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मैदानावरची, अकरा जणांची. बर्फावर गोलरक्षक धरून सहा जण असतात: दोन बचावपटू आणि पुढे तिघे, म्हणजे लेफ्ट विंग, सेंटर, राइट विंग. या तिघांची मिळून एक लाइन. ती एकत्र उतरते, चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळते आणि बाकावर परतते. संघाकडे अशा चार लाइन असतात. म्हणजे सेंटर कितीही मोठा असला तरी त्याला एका खेपेला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. त्यातले पंधरा सेकंद पकच्या मागे धावण्यात गेले तर त्याच्या कौशल्याला उरतं काय?

आता कुर्री. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये सेंटर वेन ग्रेट्झ्कीने एडमंटनकडून १९८५-८६ च्या हंगामात २१५ गुण मिळवले, त्यातले १६३ असिस्ट. गोलसाठी पक पुरवणाऱ्याच्या नावे असिस्ट लागतो, आणि गोल व असिस्ट यांची बेरीज म्हणजे गुण. त्या वर्षी कुर्रीचे ६८ गोल लीगमध्ये सर्वाधिक होते. आदल्या वर्षी त्याने ७१ केले होते आणि १९८५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, १९. हा फिनलंडचा मुलगा १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ६९व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

त्यांच्या जोडीचं तंत्र नीट पाहण्यासारखं आहे. ग्रेट्झ्की ब्लू लाइन, म्हणजे समोरच्या संघाच्या भागाची हद्द, ओलांडली की थेट गोलकडे धावत नसे. तो बोर्डाच्या, म्हणजे कडेच्या कुंपणाच्या, बाजूला गर्रकन वळायचा आणि पक घेऊन थांबायचा. समोरच्या बचावपटूची तिथेच पंचाईत होई. अंगावर जावं तर पाठीमागची जागा मोकळी, जागेवर राहावं तर ग्रेट्झ्कीला हवा तेवढा वेळ. या एक-दीड सेकंदात कुर्रीला करायचं असे ते सोपं दिसतं, पण फार अवघड आहे: आपला वेग मुद्दाम थोडा धरून ठेवायचा आणि मग मधल्या मोकळ्या पट्ट्यात पूर्ण वेगाने शिरायचं. घाईने आधीच पोचला तर तो बचावपटूच्या पाठीशी अडकणार. रेंगाळला तर तोवर पासच्या वाटेत कुणाची तरी स्टिक आलेली असणार. कुर्री नेमक्या क्षणी तिथे असायचा आणि पक न थांबवता मारायचा. गोलरक्षक एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे सरकत असतानाच पक आत गेलेला असे.

कुर्रीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. तो परत येणारा विंगर होता. ग्रेट्झ्की पुढे रेंगाळला तर मागची जागा कुर्री भरायचा, आणि एक खेळाडू कमी असतानाही दोघे एकत्र उतरायचे. १९८३-८४ मध्ये ग्रेट्झ्कीने असे, संघ एकाने कमी असताना, १२ गोल केले. मागे विश्वासाचा माणूस असल्याशिवाय कुणी असा धोका पत्करत नाही.

या लाइनच्या डावीकडे मात्र माणसं बदलत राहिली. डेव्ह लमलीने १९८१-८२ मध्ये सलग १२ सामन्यांत गोल केले. माइक क्रुशेलनिस्कीने १९८४-८५ मध्ये ४३ गोल केले. डेव्ह सेमेन्को तर ग्रेट्झ्कीला कुणी हात लावू नये म्हणून होता. माझ्या मते या सगळ्यांत एसा टिक्कानेन सर्वांत जुळणारा: सतत अंगावर जाणारा, पक ओरबाडून घेणारा, समोरच्याला चिडवून चुका करायला लावणारा. ग्रेट्झ्कीला जे जमत नव्हतं आणि त्याने करूही नये असं जे होतं, ते सगळं हा करायचा.

फिल एस्पोझितोचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. बॉस्टनकडून १९७०-७१ मध्ये त्याने ७६ गोल, ७६ असिस्ट केले, आणि गोलवर ५५० शॉट मारले. एवढे शॉट मिळतात कसे? एस्पोझितो स्लॉटमध्ये, म्हणजे गोलच्या समोरच्या पट्ट्यात, ठाण मांडायचा आणि हलायचा नाही. पक तिथे पोचवायची जबाबदारी वेन कॅशमन आणि केन हॉज या दोन दांडग्या विंगरांची. समोरच्याला बोर्डाशी दाबायचं, दोन पायांमध्ये अडकलेला पक बुटाने वा स्टिकने सोडवायचा आणि न बघता मध्ये ढकलायचा. न बघता, कारण एस्पोझितो कुठे आहे हे त्यांना माहीत असायचं. तो रोज तिथेच असे. त्या हंगामात हॉजचे १०५ गुण झाले, तर कॅशमनचे गोल अवघे २१ पण असिस्ट ५८. गोलांची यादी पाहणाऱ्याला कॅशमन दिसतच नाही. मागून बॉबी ऑरसारखा बचावपटू पक पुरवत होता, हेही विसरून चालणार नाही. पण कोपऱ्यातला पक ऑर आणत नव्हता.

न्यूयॉर्क आयलंडर्सच्या ब्रायन ट्रॉटियेसोबत उजवीकडे माइक बॉसी आणि डावीकडे क्लार्क गिलीज. बॉसीने पदार्पणातच ५३ गोल केले आणि सलग नऊ हंगाम पन्नाशी ओलांडली. एकूण ७५२ सामन्यांत ५७३ गोल. इथे कामाची वाटणी अगदी स्वच्छ होती: गिलीज जागा करायचा, ट्रॉटिये पास द्यायचा, बॉसी डोळ्याचं पातं लवायच्या आत मारायचा. लॉस एंजेलिसच्या मार्सेल डियॉनला मिळालेले दोघे तर कुणाच्या खिजगणतीत नव्हते. डेव्ह टेलर १९७५ च्या ड्राफ्टमध्ये २१०वा, आणि चार्ली सिमर खालच्या लीगमधून वर आलेला. १९८०-८१ मध्ये तिघांनीही शंभर गुण गाठले: डियॉन १३५, टेलर ११२, सिमर १०५. सिमरने त्याआधीच्या वर्षी ६४ सामन्यांत ५६ गोल केले होते, त्यातले बरेचसे गोलच्या तोंडाशी उभं राहून.

आता हाताचा मुद्दा. विंगर निवडताना याकडे दुर्लक्ष झालं की चांगली माणसंही जुळत नाहीत. उजव्या हाताच्या खेळाडूचं ब्लेड त्याच्या उजवीकडे असतं. तो डावीकडे उभा राहिला तर ब्लेड मैदानाच्या मध्याकडे येतं, म्हणून मधून आलेला पास न थांबवता मारणं, म्हणजे वन-टायमर, त्याला तिथून सोपं जातं. उजवीकडे उभा राहिला तर ब्लेड बोर्डाकडे राहतं. तिथे बोर्डालगत आलेला पक उचलणं सोपं, पण मधून आलेला पास अंगावरून पलीकडे घ्यावा लागतो आणि अर्धा सेकंद जातो. सेंट लुईसच्या अ‍ॅडम ओट्स आणि ब्रेट हल यांचं गणित इथूनच सुटतं. दोघेही उजव्या हाताचे. ओट्सचा फोरहँड पास डावीकडे अलगद जायचा. हल कागदावर राइट विंगर असला तरी गुपचूप डाव्या वर्तुळाकडे सरकून तिथे वाट पाहायचा. १९९०-९१ मध्ये हलचे ८६ गोल झाले. ओट्सने फक्त ६१ सामन्यांत ९० असिस्ट केले. पास येण्याआधीच्या दोन सेकंदांत हल कुणाच्याही नजरेत नसे, हे त्याचं खरं कसब. नेमून दिलेली बाजू धरून तो उभा राहिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीवर थोडं थांबायला हवं, कारण त्याच्यासोबत खेळणं सर्वांत अवघड मानलं जातं. मोठमोठी नावं त्याच्या बाजूला चाचपडली आणि ख्रिस कुनित्झ, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं, तो वर्षानुवर्षं टिकला. कारणं तांत्रिक आहेत. क्रॉस्बीच्या ब्लेडचा बाक फार कमी असतो, त्यामुळे त्याचा बॅकहँड पास फोरहँडइतकाच जोरकस येतो. इतर सेंटर पाठमोरा वळला की विंगर क्षणभर सैलावतो, कारण तिथून पास यायचा नसतो. क्रॉस्बीकडून तो येतो. म्हणून त्याच्या विंगरचं ब्लेड कायम बर्फाला टेकलेलं हवं. दुसरं, क्रॉस्बीला गोलच्या मागे आणि कोपऱ्यात खेळायला आवडतं. म्हणजे जोडीदाराने आखूड, पाच-दहा फुटांची देवाणघेवाण करायची, पास दिला की लगेच जागा सोडायची, आणि तिसऱ्याने गोलरक्षकाच्या नजरेआड येऊन उभं राहायचं. कुनित्झ पहिला आत घुसून समोरच्या बचावपटूला आदळायचा, पक सुटला की क्रॉस्बीकडे सारून थेट गोलच्या तोंडाशी. पास्कल दुप्यूई, जो २००८ मध्ये मारियन होसाच्या सौद्यात जवळपास पुरवणी म्हणून आला होता, तो वेगाने मागे येऊन बचाव सांभाळायचा. २०१२-१३ च्या आखूड, ४८ सामन्यांच्या हंगामात कुनित्झचे ५२ गुण झाले आणि लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात डावीकडे त्याची निवड झाली. पुढच्या वर्षी कॅनडाच्या ऑलिंपिक संघात त्याला घेतलं तेव्हा बरीच टीका झाली. स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या तीन गोलांपैकी तिसरा त्याचा.

जोडीदाराचं काम एका क्षणात पाहायचं असेल तर २८ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर, कॅनडा विरुद्ध अमेरिका, ऑलिंपिकचा अंतिम सामना, जादा वेळ. गोल क्रॉस्बीचा म्हणून सगळ्यांना आठवतो. चित्रफीत पुन्हा पाहताना क्रॉस्बीवर नजर ठेवू नका. कोपऱ्यात बोर्डाशी जारोम इगिन्ला आहे, अंगावर अमेरिकन बचावपटू. इगिन्ला त्याला पाठीवर घेतो, पक पुढ्यात राखतो. क्रॉस्बी त्याच्या नावाने हाक मारून गोलकडे सुटतो. इगिन्ला पडत असतानाच पक पुढे सरकवतो. तो पास अर्धा सेकंद उशिरा निघाला असता तर क्रॉस्बी कोन गमावून बसला असता. इगिन्ला स्वतः दोनदा पन्नास गोल केलेला खेळाडू. त्या क्षणी त्याने निमूट कॅशमनचं काम केलं.

याच इगिन्लाला २०१३ च्या मार्चमध्ये पिट्सबर्गने सौदा करून आणलं. तो आयुष्यभराचा राइट विंगर, पण तिथे मुख्यतः संघाचा दुसरा सेंटर एवगेनी मॅल्किनच्या डावीकडे उतरवला गेला. प्लेऑफमधल्या बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत पिट्सबर्ग चारही सामने हरलं आणि संपूर्ण संघाचे मिळून दोनच गोल झाले. दोष एकट्या बाजूचा नव्हता. बॉस्टनचा बचाव आणि गोलरक्षक अप्रतिम होते. तरी सवयीची बाजू मोडली की बोर्डावरचा प्रत्येक पक अवघड हातावर येतो, हे मोठ्या खेळाडूलाही चुकत नाही.

एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडच्या बाबतीत सगळे वेगाबद्दल बोलतात. त्याच्याइतकं वेगवान कुणीच नाही, त्यामुळे त्या निकषाला फारसा अर्थ नाही. २०१६ मध्ये मोठ्या कराराने आलेला मिलान लुसिच त्याच्यासोबत टिकला नाही. पण त्याच हंगामात पॅट मरून, जो काही वेगासाठी ओळखला जात नव्हता, त्याने २७ गोल केले. फरक हातांत आणि जागेच्या जाणिवेत होता. मरून मॅकडेव्हिडसोबत शर्यत लावत नसे. तो आखूड वाटेने गोलच्या तोंडाशी पोचायचा आणि आलेला पक अरुंद जागेत हलकेच वळवायचा. झॅक हायमन हेच काम अधिक वेगाने आणि न थकता करतो. टोरंटोकडून एका हंगामात त्याचे सर्वाधिक गोल २१ होते. २०२३-२४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ५४ झाले आणि नंतरच्या प्लेऑफमध्ये आणखी १६. त्यातला मोठा हिस्सा गोलच्या पुढ्यातल्या हातभर जागेतला: रिबाउंड (गोलरक्षकाने अडवून परतलेले पक), वळवलेले शॉट, खांबाशी ढकललेले पक. तिथे उभं राहायचं म्हणजे दर खेपेला पाठीवर स्टिकचे फटके खायचे. म्हणून या ५४ गोलांना फुकटचे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तरीही काही गोल सेंटरच्या पुण्याईचे असतात, आणि ते ओळखता येतात. आधी जोडी फुटल्यानंतरचा हंगाम पाहा. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला. पुढच्या हंगामात कुर्रीने ४४ गोल, १०२ गुण केले आणि १९९० मध्ये एडमंटनने त्याच्यासह पुन्हा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. ओट्स १९९२ मध्ये बॉस्टनला गेल्यावर हलने पुढच्या हंगामात ५४ गोल केले, म्हणजे घसरला पण गोल करणारा राहिलाच. ओट्सने तिकडे १४२ गुण मिळवले. दोघेही कसोटीला उतरले. जॉन लेक्लेअरचं तसंच. एरिक लिंड्रॉसच्या बाजूला त्याने सलग तीन हंगाम पन्नाशी गाठली, त्यातल्या १९९७-९८ मध्ये लिंड्रॉस ६३ सामनेच खेळू शकला होता.

याउलट वॉरेन यंग. १९८४-८५ मध्ये पिट्सबर्गच्या मारियो लेम्यूच्या पदार्पणाच्या वर्षी त्याच्या बाजूला ४० गोल, मग डेट्रॉइटला मोठा करार आणि २२ गोल. रॉब ब्राउनने १९८८-८९ मध्ये लेम्यूसोबत ६८ सामन्यांत ४९ गोल केले. पिट्सबर्ग सुटल्यावर काही वर्षांतच तो खालच्या लीगमध्ये दिसू लागला. जोनाथन चीचूने २००५-०६ मध्ये ५६ गोल केले, बहुतेक ३० नोव्हेंबरला जो थॉर्नटन सान होजेला आल्यानंतरचे. पुढे ३७, मग २३, मग १२. मात्र चीचूला दुखापतींनीही गाठलं होतं, आणि थॉर्नटन तर तिथेच होता. तेव्हा त्याच्या घसरणीचं खापर फक्त जोडीवर फोडणं अन्यायाचं आहे.

मग पॉवर प्लेचे गोल वेगळे काढा. एक माणूस जास्त असताना मिळालेले गोल लाइनचा मेळ दाखवत नाहीत, कारण त्यावेळी बर्फावर वेगळेच पाच जण असतात. शेवटी शॉट आणि गोल यांचं प्रमाण. साधारण आघाडीच्या खेळाडूचे शंभरातले दहा-बारा शॉट आत जातात. एखाद्याचं प्रमाण एकाच हंगामात अचानक दुप्पट झालं असेल आणि शॉटची संख्या तेवढीच असेल, तर पुढच्या वर्षाचा करार करताना हात आखडता घ्यावा. हायमनसारख्याला थोडी सूट द्यायला हरकत नाही, कारण तोंडाशी मारलेले शॉट मुळातच जास्त आत जातात.

कॅनडात किंवा अमेरिकेत मुलांच्या संघाच्या लाइन ठरवणाऱ्या मराठी पालकांसाठी दोन शब्द. संघातले तिन्ही चांगले खेळाडू एका लाइनमध्ये घातले की पहिले दोन सामने मजा येते, मग तिघेही पकची वाट पाहत उभे राहतात. सर्वांत हुशार मुलाला सेंटर करा, एका बाजूला नेमबाज ठेवा आणि दुसऱ्या बाजूला असा मुलगा, ज्याला कोपऱ्यात शिरायला भीती वाटत नाही. हा दुसरा मुलगा निवडताना फेसऑफकडे, म्हणजे दोन सेंटरमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो तिकडे, बघा. दोन सेंटर एकमेकांत अडकले की पक मध्येच पडून राहतो. त्यावर आधी झेपावणारा विंगर कोण, हे चार सामन्यांत लक्षात येतं.

अशा लाइनमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे विंगर हुशार सेंटरकडे बघत राहतात. ब्लू लाइनवर दबाव आला की पक पुन्हा त्यालाच परत देतात, आणि तोवर त्याच्याभोवती दोघे जमलेले असतात. दुसरी चूक, दोन्ही विंगर एकदम गोलकडे धावतात. वर, म्हणजे गोलपासून दूर, कुणीच उरत नाही, आणि पक सुटला की समोरचे तिघे विरुद्ध आपले दोन बचावपटू अशी धाव सुरू होते. म्हणून सरावात हे करा: सेंटरला पक देऊन गोलच्या मागे उभं करा, दोन विंगर पुढे, त्यांच्यात एक बचावपटू. एक विंगर जवळच्या खांबाशी, दुसरा स्लॉटच्या वरच्या टोकाला. सेंटर ज्या बाजूने बाहेर येईल त्या बाजूचा विंगर खांब सोडून वर सरकतो आणि वरचा खाली उतरतो. पास पाच सेकंदांत निघालाच पाहिजे. एक खेप वीस सेकंदांची, अशा सहा-आठ खेपा, मग जागा बदला. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांवर आदळतील. तसं झालं तर वरच्या विंगरला एकच सूचना द्या: पककडे नाही, जोडीदाराच्या खांद्याकडे बघ आणि तो हलला की हल.